सहादूनं निवडलेली ऐरण

मखमलाबादच्या पाटाकडेला सहादू लोहाराची भट्टी आहे. वर पत्रे, पुढं रस्ता, मागं घर. माणूस साठीला टेकलेला, मिशी कोळशानं कायमची काळी, त्यामुळं कलपाचा खर्च वाचतो असं तो स्वतःच सांगतो. कामाला मात्र वाघ. दरी, मातोरी, पार मुंगसऱ्यापासून मळेवाले त्याच्याकडं विळे-खुरपी घेऊन येतात, कारण सहादूनं पाणी दिलेली धार वर्षभर बोथट होत नाही.

सगळं चांगलं, पण माणूस जळका. जळका म्हणजे किती? शेजारच्या सलूनवाल्यानं कूलर आणला तर हा दोन दिवस नीट जेवला नाही. पाटापलीकडं वाळू मळेकऱ्याचा झेंडू असा फुलला की रस्त्यानं जाणारा थांबून बघायचा, तर हा म्हणाला, "वास कुठंय त्याला?" स्वतःच्या पोराला अंबडच्या कंपनीत परमनंट केलं, तेव्हासुद्धा पेढा तोंडात टाकून म्हणाला, "आम्हाला नाय कुणी परमनंट केलं." आता बोला! गावात म्हणच पडली होती, सहादूची भट्टी विझते, सहादू विझत नाही.

पण कूलर काय, झेंडू काय, हे सगळं वरवरचं. खरा तो जळत होता बायकोवर.

हसू नका. बायकोवर जळणारे नवरे घरोघरी असतात, कबूल कोण करतो? सहादूचं दुखणं समजायचं तर लोहाराच्या घरची रीत समजली पाहिजे. लोहाराच्या घरात घण बाईचा. पुरुष बसून सांडशीनं तापलेलं लोखंड धरतो, त्याच्या दुसऱ्या हातात छोटी हातोडी. हातोडी जिथं टेकेल तिथं घण पडला पाहिजे. टक, दण्ण. टक, दण्ण. आणि पुरुषानं हातोडी ऐरणीवर आडवी ठेवली की घण थांबला पाहिजे, अर्ध्यावर असला तरी. त्यात बोलणं नाही, विचारणं नाही. चांगुणा लग्न होऊन आली तेव्हापासून, म्हणजे चौतीस वर्षं, या नवराबायकोचं दिवसभर हेच चाललेलं. घरात एकवेळ ती ऐकणार नाही, पण ऐरणीपुढं सहादूची हातोडी म्हणजे तिला ब्रह्मवाक्य.

आता लोहारांत एक बोलणं आहे. सांडशी धरणाऱ्याला लोखंड कळतं आणि घण मारणाऱ्याला ऐरण कळते. खरंच आहे ते. घाव घातल्यावर ऐरण काय उत्तर देते ते बसलेल्याला कुठून कळणार? ते उभं राहणाऱ्याच्या मनगटात येतं. चांगुणाचं मनगट असं की गिरणाऱ्याचा एक लोहार जुनी ऐरण घेताना तिला सहज सोबत घेऊन गेला आणि तिनं सात घावांत सांगितलं, "ही आतून फुटलीय, घेऊ नका." उलटी करून बघितली तर बुडाशी केसाएवढी चीर. झालं! तेव्हापासून कुणाला ऐरण घ्यायची असली की माणूस पाटाकडेला येणार, सहादूला रामराम घालणार आणि विचारणार, "बाई आहेत का?"

बाई आहेत का! ज्याच्या भट्टीवर आलात तो समोर बसलाय ना ढळढळीत! सहादूच्या मते हे बोलणं ज्यानं काढलं तो नक्की बायकोच्या ताटाखालचं मांजर असणार.

त्यात गेल्या मार्चमध्ये तालीम मंडळाच्या पोरांनी महिलादिनाला चांगुणाचा सत्कार केला. शाल, नारळ आणि पेपरात फोटो. फोटोत घण उगारलेली चांगुणा, पदर खोचलेला, कपाळावर घाम, आणि खाली कोपऱ्यात सांडशी धरलेला एक हात. कोपरापर्यंतच. बाकीचा सहादू फोटोवाल्यानं कापून टाकला होता. तो पेपर भट्टीत गेला असता, पण चांगुणानं आधीच पत्र्याच्या पेटीत ठेवला. पुढं महिनाभर सहादू येईल त्या गिऱ्हाईकाला सांगत होता, "तो खालचा हात माझाय."

अशात एका बुधवारी केरू आला.

केरू हा सहादूचा चुलतभाऊ, बारा वर्षांनी लहान. वीस वर्षांपूर्वी यानं घणाला हात जोडले आणि अंबडला जाऊन वेल्डिंग शिकला, तेव्हा सहादूनं भावकीत बोंब मारली होती की केरूनं लोहाराचं नाक कापलं. आता त्याच केरूचा अंबडला गाळा, हाताखाली चार माणसं, दारात मालाची छोटी गाडी. एवढ्यावर थांबतं तर सहादूनं कसंबसं गिळलं असतं. पण गंगापूर धरणाकडं ज्यांनी बंगले बांधले त्या लोकांना आता म्हणे मशीनचं गेट नको, हातानं ठोकलेलं पाहिजे. त्यावर हातोडीच्या खुणा दिसल्या पाहिजेत. ज्या खुणा मिटवण्यात सहादूचा जन्म गेला, त्या खुणा दिसाव्यात म्हणून लोक केरूच्या गाळ्यापुढं गाड्या लावून उभे! सहादूला हे कळलं तेव्हा त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

केरूनं चहा घेतला, बशी खाली ठेवली. "दादा, ऐरण घ्यायचीय. देवळाली कॅम्पच्या रस्त्याला ललितशेठचं भंगाराचं आवार आहे ना, तिथं दोन आल्यात. जुन्या."

सहादूचा ऊर भरून आला. शेवटी आला ना दारात! त्यानं पाय लांब केले, मिशीवरनं हात फिरवला. "जुनी ऐरण घेणं म्हणजे खायचं काम नाय, केरू. नीट बघावी लागंल. उद्या सकाळी लवकर..."

"तेच म्हणतो मी. वहिनींना न्यायलाच आलोय."

सहादूचे पाय आपोआप आखडले. "आन मी?"

"तुम्हीपण या की दादा," केरू मोकळ्या मनानं म्हणाला. "गाडीत मागं जागा हाय."

मागं जागा हाय! चांगुणा आतून म्हणाली, "मी कशाला भावजी, हे आहेत की." पण तिनं बोलता बोलता हात पुसले आणि पातळाचा पदर सारखा केला, ते सहादूनं बरोबर टिपलं. तिला न्यायचं तर घण न्यावा लागणार, लोखंडाचा तुकडा न्यावा लागणार आणि तो धरायला कुणीतरी लागणार. कारण त्यांच्या घराण्यात रिकाम्या ऐरणीवर घाव घालत नाहीत. घातला तर घरात भांडण पेटतं म्हणतात. म्हणून सहादूला जावंच लागलं. नाहीतर तो गेला नसता, असं त्यानं नंतर स्वतःलाच चारदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी चांगुणा पुढं केरूशेजारी आणि सहादू मागं हौद्यात, पायाशी घण, हातात सांडशी. द्वारका गेली, नाशिक रोडचा बिटको चौक गेला. पाठीमागच्या छोट्या काचेतून त्याला दोघांची डोकी दिसत होती. केरू काहीतरी सांगायचा, चांगुणा तोंडाला पदर लावून हसायची. काय एवढं हसायचं? चौतीस वर्षांत आपल्याशी बोलताना अशी कधी हसली? सीटला मखमली कव्हर होतं, आरशाला वासाची डबी टांगलेली. सहादूला त्या कव्हरवर राग आला, डबीवर आला, चांगुणाच्या अंबाड्यात खोचलेल्या आबोलीवर तर सगळ्यात जास्त आला. भंगाराच्या आवारात जायला आबोली लागते?

ललितशेठच्या आवारात दोन ऐरणी मांडून ठेवलेल्या. एक काळी कुळकुळीत, रंग दिलेली, वरचा माथा घासून आरशासारखा केलेला. दुसरी गंजलेली, कडा झडलेल्या, पुढचं शिंग टोकाला तुटलेलं, माथ्यावर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे. ललितशेठ काळीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "ही घ्या, लग्नात मांडवात ठेवाल अशी आहे."

केरूनं खिशातून बेअरिंगची गोळी काढली. मोबाईलवर बघून आला होता, गोळी माथ्यावर सोडायची, जितकी उंच उडेल तितकी ऐरण चांगली. काळीवर सोडली तर गोळी टण्णकन उडून त्याच्या हातात आली. गंजकीवर सोडली तर खड्ड्यात जाऊन बसली. हमाल हसले.

"भावजी, गोळीला वरचं कातडं कळतं," चांगुणा म्हणाली, "पोटातलं नाय कळत." आणि तिनं पदर खोचला.

सहादू चवड्यावर बसला. सोबत आणलेला गाडीच्या पाट्याचा लोखंडी तुकडा सांडशीत धरून त्यानं काळीवर ठेवला, हातोडी टेकवली. टक, दण्ण. टक, दण्ण. चांगुणा सात घाव घालते, कमी नाही, जास्त नाही. सातवा झाल्यावर तिच्या भुवया जवळ आल्या. मग गंजकी. पहिला घाव, दुसरा, तिसरा. आणि सहादूनं मान वर करून तिच्या तोंडाकडं बघितलं.

तोंड असं उजळलेलं! माहेरचं माणूस दारात दिसल्यावर बाई जशी होते तशी चांगुणा झाली होती. हमाल हसायचे थांबले होते. ललितशेठ तोंडातली सुपारी चघळायची विसरला होता. केरू तर हात जोडायचाच बाकी होता. सगळे तिच्याकडं बघत होते आणि सहादू खाली बसलेला, कोपरापर्यंतचा. आता ही तोंड उघडणार, गंजकी घ्या म्हणणार, केरू आयुष्यभर सांगणार की वहिनींनी हिरा काढून दिला, आणि हिरा जाणार कुणाच्या गाळ्यात? केरूच्या! चौथा घाव निघाला होता. त्यानं हातोडी ऐरणीवर आडवी ठेवली.

घण वरच्या वर वळला आणि जमिनीला टेकला.

"गेलेली हाय ही," सहादू उठत म्हणाला. "पोटात दम नाय. काळी घे केरू, डोळे झाकून घे."

केरूला पटेना. "वहिनी?"

चांगुणानं नवऱ्याकडं बघितलं. त्यानं नजर दिली नाही, सांडशी झटकत राहिला. चार परकी माणसं भोवती उभी. चारचौघांत नवऱ्याचा शब्द खाली पाडायचा, हे तिनं आजवर केलेलं नव्हतं.

"हे म्हणतात तसं," ती म्हणाली.

येताना केरूनं सहादूला पुढं बसवलं. बिटकोला थांबून मिसळ खाऊ घातली. "दादा, तुमच्यामुळं झालं," दोनदा म्हणाला. सहादूला ती मिसळ अशी गोड लागली की काही विचारू नका. चांगुणा आपणहून मागं बसली होती, काळ्या ऐरणीशेजारी, आणि मिसळ नको म्हणाली.

घरी आल्यावर पाटावर हातपाय धुताना ती एवढंच बोलली. "चांगली होती ती."

"कोण?"

"गंजकी."

"मग बोलायचं होतंस. तोंड शिवलं होतं का?"

"तुम्ही हातोडी आडवी ठेवली," ती म्हणाली, आणि भांडी उचलून आत गेली. विषय संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रोजच्यासारखी घण घेऊन उभी राहिली, टक, दण्ण, टक, दण्ण. सहादूला वाटलं, निभलं.

सहाव्या दिवशी केरू आला तो उतरलेल्या तोंडानं. काळी ऐरण मधोमध दुभंगली होती. रंगाखाली कमरेला चीर होती आणि चिरेत रंगाऱ्याची लांबी, म्हणजे लुकण, भरलेली. वरचं अर्धं धूड बाजूला कोसळलं ते बहिरूच्या, म्हणजे केरूच्या हाताखालच्या माणसाच्या, पायापासून बोटभर अंतरावर. "वाचला म्हणायचा," केरू म्हणाला. मग चांगुणाकडं वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "वहिनी, असं कसं झालं हो? तुमचा हात कधी चुकत नाय."

आता ही सांगणार. सांगू दे. सहादूनं कोळसे उगाच खालवर केले.

"चुकला," चांगुणा म्हणाली.

"काय म्हणता वहिनी!"

"वय झालं भावजी. आता नाय कळत मला पहिल्यासारखं. तुम्ही परत कुणाला माझ्याकडं नका आणत जाऊ. लोकांचे पाय जायचे." आणि ती शांतपणे चहा टाकायला आत गेली.

केरूनं मान हलवली. "होतं असं. माझ्या आईचं पण असंच झालं शेवटी." अंबडहून ही बातमी गिरणाऱ्याला पोचायला दोन दिवस लागले नाहीत. तिकडच्या लोहारानं रविवारी तिला न्यायचं ठरवलं होतं, त्याचा सहादूच्या फोनवर फोन आला, की राहू द्या, बाईंना कशाला त्रास. सहादूनं बरं म्हणून फोन ठेवला. चला! फोटो झाला, शाल झाली, आता बाईंचा हात गेला. जे पाहिजे होतं ते आयतं पदरात पडलं. मग भाकरी घशाखाली का उतरत नव्हती कुणास ठाऊक. चांगुणा मात्र रोजच्यासारखी जेवत होती, आणि जेवताना उजवा खांदा डाव्या हातानं दाबत होती. ती कधीपासून तसं करते हे सहादूला आठवेना.

आणि त्याच आठवड्यात केरूनं विचारलं. "दादा, मग आता तुम्हीच चला. ललितशेठ ती बदलून द्यायला तयार हाय. तुमचा शब्द प्रमाण."

या एका वाक्यासाठी माणूस किती वर्षं जळला होता! सहादूनं नवी टोपी घातली. पण घण मारायला माणूस लागणार, म्हणून तो चांगुणाला म्हणाला, "तू पण चल." तिनं आबोली माळली नाही.

ललितशेठच्या आवारात गंजकी होती तिथंच होती. तिच्या शेजारी एक तिसरी येऊन पडली होती, ठेंगणी, जाड बुडाची. हमाल जमले. केरू हाताची घडी घालून बाजूला उभा राहिला. आता सगळे सहादूकडं बघत होते, चांगुणाकडं कुणी नाही. सहादूला तर उत्तर ठाऊक होतं. बायकोच्या तोंडावर त्यानं ते वाचलं होतं. नुसतं बोट करायचं, ही घे म्हणायचं, की जन्माचं नाव. पण नुसतं बोट केलं तर लोक म्हणतील, यानं न बघता सांगितलं. थोडा देखावा पाहिजे.

"घण आण इकडं," तो चांगुणाला म्हणाला. "तू सांडशी धर."

ती चमकली, पण बसली. लग्नानंतर सहादूनं घण हातात घेतला होता तो दसऱ्याला कुंकू लावण्यापुरता. त्यानं गंजकीवर पहिला घाव घातला आणि पुढं झोकांडी जाता जाता सावरला. कारण घण खाली राहिलाच नाही. पडला तसा वर आला, खालून कुणीतरी हात देऊन उचलावा तसा. त्यानं दुसरा घातला. परत तेच. तिसरा, चौथा. चांगुणा हातोडी टेकवत होती, तो मारत होता, आणि प्रत्येक वेळी निम्मं ओझं ऐरणच उचलून देत होती. सात घाव झाले तरी साठीचा सहादू धापला नव्हता.

तो थांबला. त्याला एक विचारायचं होतं, आणि विचारायची त्याला भीती वाटत होती.

"आपल्या घरची पण असाच देते का गं घण परत?"

चांगुणा खाली मान घालून सांडशी पुसत होती. "नाय."

"मग?"

"घरची काही देत नाय. घण पडला की पडला. मग मी उचलते."

"कधीपासनं?"

"आणली तेव्हापासनं."

घरची ऐरण सहादूनं सिन्नरहून आणली होती. एकोणीस वर्षांपूर्वी, एकट्यानं जाऊन, कुणाला न विचारता. टेम्पोतून उतरवताना हलगी लावली होती, भावकीला पेढे वाटले होते. त्या ऐरणीवर ही बाई एकोणीस वर्षं दिवसाला हजार-हजार घाव घालत होती, आणि प्रत्येक घावाला अख्खा घण एकटीच्या खांद्यानं वर नेत होती.

"अगं, मग बोलली का नाहीस?" तो ओरडलाच. हमाल दचकले. "एकोणीस वर्षं! एका शब्दानं बोलली का नाहीस?"

"काय बोलू?" चांगुणा म्हणाली. तिला त्यात बोलण्यासारखं काही वाटतच नव्हतं. "तुम्ही निवडली होती."

सहादू घणाच्या दांड्याला धरून उभा राहिला. केरू जवळ आला. "काय म्हणता दादा? घ्यायची का ही?"

"घे," सहादू म्हणाला. आणि मग त्याच्या तोंडून ते निघालंच. "पण माझ्या शब्दावर घेऊ नको. त्या दिवशी हिनं हीच निवडली होती. तिसऱ्या घावाला हिला कळलं होतं. मी हातोडी आडवी ठेवली आन हिचं तोंड बंद केलं. काळीत दम नाय हे पण हिला कळलं होतं. हिचा हात काय गेला नाय. मलाच बघवलं नाय."

"काय बघवलं नाय?"

"हिचं," सहादू म्हणाला. "आन तुझं."

केरूचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. "दादा, बहिरूचा पाय गेला असता! दोन लेकरं आहेत त्याला!" तो आणखी बरंच बोलला, चारचौघांत, मोठ्या आवाजात, भावकीत आजवर कुणी सहादूला बोललं नव्हतं असं. सहादूनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. चांगुणा मध्ये पडली नाही. मग केरूनं हमालांना खूण केली आणि फिरून तिच्यापुढं उभा राहिला. "वहिनी, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात."

"बोलले," ती म्हणाली. "चुकलं माझं."

चार जणांनी मिळून गंजकी ऐरण गाडीत चढवली. सहादू बघत राहिला. जळण्यात त्याची हयात गेली होती, पण असा तो कधीच जळला नव्हता. केरूच्या गाळ्यात ती ऐरण जाणार. तिथली तरणी माणसं तिच्यावर घण घालणार, तो त्यांना निम्मा आयता वर मिळणार, आणि उद्या सकाळी चांगुणा पाटाकडेला त्या मेलेल्या धोंड्यापुढं उभी राहणार. ती ऐरण हिच्या हाताखाली पाहिजे होती. त्याला केरूच्या हातातून ती ओढून घ्यावीशी वाटली, पण आता मागायला तोंड नव्हतं.

तो शेजारी पडलेल्या ठेंगणीकडं वळला. "ही कशी वाटते गं?"

चांगुणानं घण घेतला, यानं सांडशी धरली. सात घाव. ह्या खेपेला त्यानं हातोडी शेवटपर्यंत उभी धरली. सातव्यानंतर ती म्हणाली, "नको ही. घरच्यासारखीच हाय."

"शेठ," सहादू म्हणाला, "अजून एखादी आली जुनी, तर कळवाल?"

"कळवीन की सहादूभाऊ." ललितशेठनं खिशातून फोन काढला. "तुमचा नंबर आहेच माझ्याकडं."

"माझा नको. हिचा घ्या. मला नाय कळत ऐरणीतलं."

ललितशेठ चांगुणाकडं वळला. चांगुणानं नवऱ्याकडं बघितलं, मग ती सावकाश एकेक आकडा सांगायला लागली. सहादू शेजारी उभा राहून ऐकत होता आणि ओठांतल्या ओठांत घोकत होता. बायकोचा नंबर त्याला पाठ नव्हता.